उलट अक्षरांची पट्टी

अक्षराचे मोल तुम्हांला आता कळू लागले आहे. कागदावरचे एक अक्षर बदलले, तर शेत हातचे जाते. आपल्या शरीरातही असेच लिखाण आहे बरं का! त्याची अक्षरे फक्त चार.

शरीर बारीक पेशींचे बनलेले आहे. पेशीत एक मूळ दप्तर असते. ते जागचे हलत नाही. हव्या त्या पानाची नक्कल निघते. ही नक्कल म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठी वाचून पेशी प्रथिने बनवते. त्यांवर शरीर चालते.

या अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. म्हणून चिठ्ठीला नेमकी जुळणारी छोटी पट्टी बनवली, की ती तिथेच चिकटते. मग पेशीला तेवढा मजकूर वाचता येत नाही. १९७८ साली अमेरिकेत पॉल झामेक्निक व मेरी स्टीफन्सन यांनी १३ अक्षरांची अशी पट्टी केली. तिने कोंबडीच्या पेशींतील एका विषाणूची वाढ रोखली. अशा पट्टीला ‘अँटिसेन्स’ म्हणतात.

आता तिचा उपयोग पाहा. काही बाळांना जन्मतःच स्नायू दुबळे करणारा एक रोग असतो. मान धरत नाही, बसता येत नाही. रोग कडक असला, तर उपचारावाचून बहुतेक बाळे दोन वर्षेही जगत नसत. आईबापांनी नुसते पाहत बसायचे! या बाळांच्या दप्तरातले एक पान बिघडलेले असते. तसेच दुसरे पान असते, पण त्याची चिठ्ठी तयार होताना मधला तुकडा बहुधा गाळला जातो. ‘हा तुकडा गाळा’ अशी जिथे खूण असते, तिथे औषधाची पट्टी चिकटते. खूण झाकली, की चिठ्ठी पुरी होते. हे औषध म्हणजे नुसिनर्सेन. ते पाठीच्या कण्यात टोचतात. अमेरिकेत २०१६ साली त्याला परवानगी मिळाली. चाचणीत औषध मिळालेल्या सुमारे निम्म्या बाळांच्या हालचालीत ठळक सुधारणा दिसली. औषध न मिळालेल्यांत एकाचीही दिसली नाही. जितके लवकर द्यावे, तितके बरे.

शेतीतही याच जातीची युक्ती आली आहे. अमेरिकेत बटाट्याची पाने फस्त करणारा एक भुंगा आहे. पुष्कळ विषारी औषधांना तो दाद देईनासा झाला. २०२३ साली तिथे त्याच्यासाठी लेडप्रोना नावाच्या फवाऱ्याची नोंदणी झाली. यात दुपदरी चिठ्ठी असते. अळी फवारलेले पान खाते. मग अळीच्याच पेशी आपली एक गरजेची चिठ्ठी फाडून टाकतात. अळी खाणे सोडते व मरते. मजकूर त्या भुंग्याशी जुळवलेला असतो. मात्र अशा फवाऱ्यालाही न जुमानणारे भुंगे प्रयोगशाळेत निपजले आहेत. तेव्हा सावध राहिलेच पाहिजे.

आणखी एक अडचण आहे. २०१६ साली नुसिनर्सेनची पहिल्या वर्षाची किंमत अमेरिकेत ७,५०,००० डॉलर होती. गरिबाने कुठून आणावे? विद्या पुढे गेली, हे खरे. पण ती गरिबाच्या लेकरापर्यंत पोचेल, तेव्हाच तिचे चीज झाले म्हणायचे.