जखडलेली पिन : बळापेक्षा युक्ती श्रेष्ठ

तापीकाठच्या बऱ्हाणपूर परिसरातील काळ्या मातीत राबणाऱ्या जुन्या खोदयंत्रांच्या सांध्यांकडे चालक व मालक बांधवांनी लक्ष द्यावयास हवे. बकेट व बाहू यांना जोडणारी पिन बिजागरीचे कार्य करते. ग्रीस न मिळाल्यास आत चिखलपाणी शिरते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि पिन जखडते.

अशा वेळी प्रथम बकेट जमिनीवर टेकवावी, बाहूस भक्कम आधार द्यावा, इंजिन बंद करून तेलाचा दाब उतरवावा. पिनेचा बोल्ट काढून गंज सैल करणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. त्यानेही न निघाल्यास तेल पुसून पिनेला नव्हे, तर तिच्या भोवतालच्या घराला उष्णता द्यावी. ५० मिलिमीटरचे भोक २०० अंश सेल्सिअसने तापविल्यास सुमारे ०.१२ मिलिमीटरने रुंदावते. तत्पूर्वी ग्रीसचे निप्पल अवश्य काढावे. कोंडलेले ग्रीस तापल्यास पिन गोळीसारखी उडून जीवितहानी होऊ शकते. पिनेच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. घण थेट न मारता मध्ये पितळेचा दांडा धरावा. डोळ्यांवर चष्मा असावा.

नव्या पिनेस नियमित ग्रीस देणे, हाच यावरील खरा उपाय होय.