लेणी आणि देवराई : जुन्नर परिसरातील एका दिवसाचा क्षेत्राभ्यास

लेणी हा पुरातत्त्वाचा विषय आणि अरण्य हा वनस्पतिशास्त्राचा, अशी वाटणी आपल्याकडे रूढ झालेली आहे. ही वाटणी सोयीची असली तरी तिच्यामुळे एक महत्त्वाचे साम्य दृष्टिआड होते. सकाळी जुन्नरची लेणी आणि दुपारी आहुप्याची देवराई असा एका दिवसाचा क्रम ठेवला, तर ते साम्य आपोआप लक्षात येते. लेणे आणि देवराई ही दोन्ही एकाच वृत्तीची, म्हणजे सामाईक उपभोगातून काही वगळून ते श्रद्धेच्या स्वाधीन करण्याच्या वृत्तीची, फळे होत.

प्रथम लेण्यांचा विचार करू. सह्याद्रीतील ही लेणी निसर्गनिर्मित गुहा नव्हेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून जो बेसाल्ट खडक तयार झाला, त्यात ती मनुष्याने कोरलेली आहेत. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा या टेकड्यांवर पसरलेल्या या समूहाचे महत्त्व शिल्पवैभवापेक्षा लेखांत अधिक आहे. नाणेघाटाच्या वाटेने कोकणातील बंदरांशी जोडलेल्या या नगरीला दूरदूरचे दाते लाभले. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे नाव आहे. मानमोडीवरील एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दिल्याचे नमूद आहे. हे वर्ष शकसंवताचे मानल्यास इ. स. १२४ येते. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याच डोंगरावरील आणखी एक लेख विशेष उद्बोधक आहे. अदुथुम नावाच्या शक उपासकाने वडालिका येथील २० आणि कटपुतक येथील ९ निवर्तने भूमी दिल्याचे तो सांगतो. पहिल्या भूमीसंबंधी करंजाचा आणि दुसरीसंबंधी वडाचा उल्लेख आहे. ‘करजमुल’ व ‘वडमुल’ या पदांवरून ही झाडे लावण्यासाठी भूमी दिली असे समजावयाचे, की झाडांच्या खुणेने भूमी निश्चित केली असे समजावयाचे, याविषयी मतभेद संभवतो. कोणताही अर्थ घेतला, तरी वृक्ष हा दानपत्राचा घटक होता एवढे निर्विवाद आहे.

जुन्नरहून घोडेगाव आणि डिंभे या मार्गाने घाटमाथ्यावरील आहुपे गाठता येते. भीमाशंकरच्या परिसरातील हे महादेव कोळ्यांचे गाव असून भैरवनाथाच्या नावाने तेथे देवराई राखलेली आहे. अशा राईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, वाळलेले लाकूडही देवाच्या अनुज्ञेवाचून न्यावयाचे नाही, असा परंपरेचा दंडक असतो. त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. बाहेरच्या उतारांवर विरळ झाडोरा आणि राईत जांभूळ, अंजनी, हिरडा यांची दाट छाया. उंच फांद्यांत शेकरू. प्रचंड शेंगांचा गारंबीचा वेल अनेक ठिकाणी अशा राखीव रायांच्या आश्रयानेच टिकून राहिला आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास करून त्यांचे महत्त्व विद्वानांपुढे मांडले.

मात्र देवराई म्हणजे मनुष्यस्पर्शरहित आदिम अरण्य, अशी समजूत करून घेऊ नये. यात्रा, पूजा, पाणी, औषधी यांसाठी माणसाचा तेथे वावर असतोच. तिचे वेगळेपण निर्मनुष्यतेत नसून निर्बंधात आहे. अदुथुमाने जसे आपल्या मालकीतून २९ निवर्तनांवरील हक्क सोडला, तसा येथे संपूर्ण गावाने आपल्या शिवाराच्या एका भागावरील हक्क सोडला आहे.

फरक आहे तो नोंदीचा. लेण्यातील दान ब्राह्मी अक्षरांत खडकावर कोरलेले आहे. दात्याचा धर्म, त्याची श्रेणी, त्याची भाषा सर्व लयास गेल्यावरही ते वाचता येते. शिवाय १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्याचे संरक्षण त्याच्या पाठीशी आहे. देवराईचे दान अलिखित होय. तिची सीमा कोणत्या ओढ्यापासून कोणत्या दगडापर्यंत, तोडीस अपवाद कोणता, कौल कोणी लावावयाचा, हे सर्व वृद्धांच्या स्मरणात असते. श्रद्धा शिथिल झाली, अथवा जुन्या मंदिराच्या जागी नवे बांधण्यासाठी लाकडाची वा पैशाची निकड भासली, की हा अलिखित करार मोडावयास वेळ लागत नाही. मोडल्यावर तो होता याचा पुरावाही मागे उरत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दिवसाचा उपयोग केवळ अवलोकनासाठी करू नये. ज्या काटेकोरपणाने लेखाचा ठसा घेतला जातो, त्याच काटेकोरपणाने देवराईची हद्द, देवतेचे नाव, वृक्षांची स्थानिक नावे आणि निर्बंधांचे स्वरूप गावकऱ्यांच्या तोंडून, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्या संमतीने लिहून घ्यावे. खडकावरील अक्षरे आणखी काही शतके वाट पाहू शकतील. स्मरणातील अक्षरांना तेवढा अवधी नाही.