वजनाची शस्त्रक्रिया आणि वेदनेची तजवीज

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या मोठ्या रुग्णालयांतून वजन घटविण्याच्या शस्त्रक्रिया आता नित्याच्या झाल्या असल्या, तरी जठर किती कापले आणि वजन किती उतरले याचाच हिशेब लोक मांडतात. पहिल्या रात्रीची वेदना कशी आवरली, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः स्थूल रोग्याच्या बाबतीत वेदनाशमन ही केवळ दयेची बाब नसून सुरक्षिततेची अट आहे.

अशा अनेक रोग्यांना झोपेत श्वास अडण्याचा विकार असतो, आणि मॉर्फिन-फेंटॅनिलसारखी अफूवर्गीय औषधे वेदनेबरोबर श्वासही मंद करतात. उलट वेदना तशीच राहू दिली, तर रोगी खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, खाटेवरून उठत नाही. मग छातीत कफ साचण्याचे आणि पायांच्या शिरांत गुठळ्या होण्याचे भय. या पेचातून वाट काढण्यासाठी संपूर्ण भुलीच्या जोडीला स्थानिक भूल दिली जाते.

१९९० साली जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली, आणि पुढे पोटावरील लांबलचक छेदाचे प्रस्थ ओसरत गेले. वजनाची शस्त्रक्रियाही आता बहुधा दुर्बिणीतूनच होते. तथापि तिची लहान छिद्रेही दुखतातच. त्यांच्या कडांत ब्यूपिव्हाकेन हे स्थानिक भुलीचे औषध टोचणे हा सर्वांत सोपा उपाय. त्याहून व्यापक उपाय म्हणजे २००१ मध्ये प्रथम वर्णिलेला ‘टॅप ब्लॉक’. भूलतज्ज्ञ बरगड्यांच्या कडेखाली सोनोग्राफीचा प्रोब टेकवून, चरबीच्या जाड थरापलीकडचे स्नायू पडद्यावर न्याहाळीत सुई पुढे सरकवतो. औषध सोडताच स्नायूंचे थर घडीच्या पोळीच्या पापुद्र्यांप्रमाणे विलग होऊन मध्ये काळी फट उमटते. पोटाच्या भिंतीच्या नसा तेथूनच जातात. औषध त्यांतील सोडियमचे मार्ग रोखते आणि वेदनेची वर्दी मेंदूपर्यंत पोचत नाही.

खरी कसोटी मात्रेची. काट्यावर वजन १४० किलो भरले म्हणून औषधही त्याच प्रमाणात द्यावे, हा हिशेब घातक ठरतो. मात्रा उंचीला साजेशा आदर्श वजनावरून ठरवावी लागते, अन्यथा आकडी येण्याचा व हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. अशा विषबाधेवर शिरेतून देण्याचे २० टक्क्यांचे स्निग्ध द्रावण म्हणूनच हाताशी ठेवतात.

स्थानिक भुलीच्या या उपायासही मर्यादा आहेत. त्याचा अंमल काही तासांचा. जठराची आतली कळ त्याने शमत नाही, आणि पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटल डिवचले गेल्यामुळे दुखणारा खांदाही तसाच राहतो. म्हणून पॅरासिटामॉलची जोड द्यावी लागते.

रोग्याकडूनही एक अपेक्षा आहे. घोरण्याची, झोपेत श्वास अडण्याची गोष्ट बहुधा त्याला स्वतःला ठाऊक नसते. तेव्हा भूलतज्ज्ञाच्या तपासणीस जाताना घरच्या माणसास बरोबर न्यावे, हे उत्तम.