अंगणातली शेकोटी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटच्या शिवारात ज्वारी हुरड्याला आली की आगटी पेटते. गोवऱ्यांच्या इंगळावर कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि गरमागरम हुरडा चटणीसोबत खायचा. आता तीच ऊब घराच्या परसबागेतही हवीशी वाटते. पण रानात आगटीभोवती मोकळी जमीन असते, तर घराभोवती भिंत, गोठा, कडबा आणि विजेच्या तारा असतात. म्हणून रानातल्या सवयी अंगणात जशाच्या तशा चालत नाहीत.

गैरसमज: मोकळं आकाश असलं की शेकोटी कुठेही चालते.

वस्तुस्थिती: भिंत, कुंपण आणि झाडाच्या फांद्या किमान दहा फूट लांब हव्यात. वर तार नको. कडब्याची गंजी आणि गोठा तर त्याहून कितीतरी दूर हवा. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो, तेव्हा शेकोटीच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला पेटण्याजोगं काही ठेवू नका. कट्टा बांधणार असाल तर आधी तेवढ्या जागेची काळी माती काढा आणि मुरूम भरून धुमसा. काळी माती ओलावली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावरचं बांधकाम कलतं.

गैरसमज: दगडाला आगीचं काय भय?

वस्तुस्थिती: बोरी नदीतून किंवा ओढ्यातून उचललेल्या गोट्यात ओलावा मुरलेला असतो. आच लागली की त्याची वाफ होते. तिला वाट मिळाली नाही तर दगड तडकतो आणि टवके उडतात. शहाबादी फरशीचे पापुद्रे सुटतात, सिमेंटचा कोबाही फुटतो. काळा दगड बाहेरून शोभेला लावा. आतून मात्र अग्निरोधक वीट हवी, ती न मिळाल्यास चांगली भाजलेली लाल वीट लावा.

गैरसमज: ओलं लाकूड सावकाश जळतं, म्हणजे ते जास्त पुरतं.

वस्तुस्थिती: त्यातलं पाणी उकळण्यातच बरीचशी उष्णता खर्च होते. ऊब कमी मिळते आणि धूर जास्त होतो. बाभळीचं लाकूड फोडून, आडोशाला रचून वर्षभर वाळवा. तुराट्या आणि पऱ्हाट्या भडकन पेटतात, त्या फक्त पेटवणापुरत्या घ्या. बंद पेराचा बांबू घालू नका. आतली हवा तापून तो फुटतो आणि निखारे उडतात.

गैरसमज: पेटत नसेल तर थोडं पेट्रोल शिंपडावं.

वस्तुस्थिती: पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांच्या आसपासही पेटू शकते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि आग उलट हातातल्या डब्यापर्यंत येते. धुमसत्या शेकोटीवर रॉकेल ओतणंही तितकंच घातक आहे. गोवरीचा तुकडा आणि कापराची वडी पुरते.

गैरसमज: शेकोटीत घरातला कचराही जाळून होतो.

वस्तुस्थिती: प्लास्टिक, टायर आणि रंग दिलेलं लाकूड यांचा धूर विषारी असतो. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा जमिनीलगत बसते आणि तो धूर वर न जाता शेजारच्या घरात शिरतो. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 रोजी बंदी घातली. त्या आदेशात साध्या प्रकरणासाठी 5,000 रुपये दंड ठरवला होता.

गैरसमज: शेवटी उरलेले इंगळ घमेल्यात घालून खोलीत ठेवले की रात्र उबेत जाते.

वस्तुस्थिती: या चुकीने माणसं झोपेतच जातात. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं समजू नका. इंगळ घरात आणायचेच नाहीत.

गैरसमज: ज्वाळा गेली, वर माती लोटली, की शेकोटी विझली.

वस्तुस्थिती: चुलीतले निखारे रात्री राखेखाली झाकून सकाळी त्यांवरच चूल पेटवायची, ही जुन्या बायकांची रीत होती. म्हणजे राख आणि माती विस्तव विझवत नाहीत, राखतात. अनवाणी पोराचा पाय दुसऱ्या दिवशीही त्यात भाजू शकतो. थोडं लांब उभं राहून पाणी हळूहळू ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. हाताचा मागचा भाग राखेजवळ नेऊन ती गार असल्याची खात्री करा.

गैरसमज: भाजल्यावर हळद किंवा टूथपेस्ट लावावी.

वस्तुस्थिती: दोन्हींनी जखम झाकली जाते, आतली आग कमी होत नाही. भाजलेला भाग 20 मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, बर्फ लावू नका. बांगड्या आणि अंगठ्या लगेच काढा. भाजणं मोठं असेल तर 108 वर फोन करा. अंगावरचा कपडा पेटला तर पळू नका, जमिनीवर लोळा. शेकोटीजवळ नायलॉनची साडी किंवा पॉलिस्टरची शाल नको. ती वितळून कातडीला चिकटते, त्यापेक्षा घोंगडी बरी.

यंदा अंगणात शेकोटीची जागा करणार असाल तर एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: आधी पाण्याची बादली, मग काडेपेटी.