बाह्य डिस्क विलग करण्याची रीत आणि तिच्यावरील अदृश्य फोल्डर

क्षेत्रकार्याहून परतलेल्या अभ्यासकाच्या पिशवीत सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचारले तर ध्वनिमुद्रणे साठविलेली बाह्य डिस्क, हेच उत्तर द्यावे लागेल. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या निहालीसारख्या भाषेतील एखादी कथा वृद्ध भाषकाने सांगितली, तर ती पुन्हा तशीच सांगितली जाईल याची शाश्वती नसते. पुढल्या खेपेस सांगणाराच हयात नसतो, असेही घडते. अशी सामग्री ज्या साधनावर राहते त्याची वागणूक समजून घेणे हा अभ्यासपद्धतीचाच भाग मानला पाहिजे. तथापि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची, आणि अध्यापकांपैकीही काहींची, अशी समजूत दिसते की डिस्क ‘इजेक्ट’ करणे हा केवळ एक शिष्टाचार आहे. पाळला तर उत्तम, न पाळला तरी बिघडत नाही. या समजुतीचा परामर्श घेऊन, त्याच अनुषंगाने, डिस्कवर आपोआप उगवणाऱ्या अदृश्य फोल्डरांचाही विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हे दोन विषय वरवर निराळे वाटले तरी त्यांचे मूळ एकच आहे: दोन्ही ठिकाणी संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम (येथून पुढे केवळ ‘प्रणाली’) वापरणाऱ्याला दिसते त्याहून अधिक काही तरी डिस्कवर करीत असते.

मराठीत ‘हा आलोच’ असे म्हणणारा मनुष्य पुष्कळदा घरातून निघालेलाही नसतो. रूप भूतकाळाचे, अर्थ मात्र निकट भविष्याचा. आणि ऐकणारा तो प्रसंगावरून बरोबर लावतो. संगणकाच्या पडद्यावरील ‘कॉपी झाली’ या विधानाचा अर्थही असाच लावावयास हवा. डिस्कवर लिहिण्याचा वेग संगणकाच्या अंतर्गत स्मृतीच्या मानाने फार मंद असतो. म्हणून प्रणाली लिहावयाचा मजकूर प्रथम स्मृतीत ठेवून घेते, वापरणाऱ्याला काम झाल्याचे कळविते आणि प्रत्यक्ष लेखन सवडीने उरकते. लिनक्समध्ये असा थांबून राहिलेला मजकूर सर्वसाधारण मांडणीत ३० सेकंद जुना झाला म्हणजे डिस्ककडे धाडण्यास पात्र ठरतो. मजकूर पुष्कळ असेल तर लेखन त्याआधीच सुरू होते हे खरे. परंतु पेन ड्राइव्ह मंद असेल तर पट्टी शंभर टक्क्यांना पोहोचल्यावरही ते काही मिनिटे चालू राहू शकते. ‘इजेक्ट’ या आज्ञेचे पहिले कार्य हे आहे की थांबून राहिलेले सर्व लेखन पुरे करून घ्यावयाचे. दुसरे कार्य, त्या डिस्कवर नवे लेखन होऊ न देणे.

अर्धवट राहिलेल्या लेखनाने एखादी फाइल तुटली, इतकेच नुकसान होत असते तर गोष्ट फार गंभीर नव्हती. खरा धोका नोंदवहीला असतो. ग्रंथालयात पुस्तक कपाटात असते आणि त्याची नोंद दाखल-नोंदवहीत असते. त्याचप्रमाणे डिस्कवर मजकूर एका ठिकाणी असतो आणि कोणत्या फाइलचा कोणता तुकडा कोठे आहे याची नोंद दुसऱ्या ठिकाणी असते. एक फाइल लिहावयाची म्हणजे मजकूर लिहावयाचा, मोकळ्या जागेचा हिशेब बदलावयाचा आणि फोल्डरच्या यादीत नाव चढवावयाचे. या क्रमात मध्येच डिस्क ओढून काढली, तर पुस्तक कपाटात असून नोंद नाही किंवा नोंद असून कपाट रिकामे, अशी अवस्था होते. यात ज्या फाइलला त्या दिवशी कोणी हातही लावला नाही अशी जुनी फाइलसुद्धा सापडू शकते, कारण नोंदवही सर्वांची एकच असते.

या बाबतीत सर्व मांडण्या सारख्या नाहीत. विंडोज एनटीबरोबर १९९३ साली आलेली ‘एनटीएफएस’ ही मांडणी नोंदवहीतील बदल आधी एका रोजनिशीत टिपून ठेवते, त्यामुळे खंड पडला तरी नोंदी पूर्ववत सुसंगत करता येतात. तथापि ती रोजनिशी नोंदींची आहे, मजकुराची नव्हे. फाइलचे नाव शाबूत आणि आतील मजकूर अपुरा, असे एनटीएफएसमध्येही होऊ शकते. ‘फॅट३२’ (१९९६) आणि ‘एक्सफॅट’ (२००६) या मांडण्यांत तर अशी रोजनिशीच नाही. दुर्दैवाने बाजारात मिळणारे बहुतेक पेन ड्राइव्ह आणि ध्वनिमुद्रकांतील कार्डे याच दोन मांडण्यांची असतात. त्या सर्व प्रकारच्या यंत्रांत वाचता येतात, हे त्याचे कारण. फॅट३२ मध्ये एका फाइलची मर्यादा ४ जीबी आहे, हेही येथेच सांगून ठेवले पाहिजे. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, दोन मार्गिका असे ध्वनिमुद्रण सेकंदाला २,८८,००० बाइट घेते, म्हणजे सुमारे चार तास आठ मिनिटांत ही मर्यादा भरते.

ध्वनिमुद्रणाच्या फाइलींना आणखी एक नाजूक जागा आहे. ‘वेव्ह’ प्रकारच्या फाइलीच्या आरंभीच तिच्या एकूण लांबीचा आकडा असतो, आणि हा आकडा मुद्रण संपल्यावरच निश्चित होत असल्याने बहुतेक यंत्रे तो फाइल बंद करताना भरतात. तो भरण्यापूर्वी संबंध तुटला तर दीड तासाचे संभाषण डिस्कवर असूनही वाजविणारे साधन लांबी शून्य सांगते. असे मुद्रण बहुधा वाचविता येते. ते टाकून देण्याची घाई करू नये. ‘ईलॅन’मध्ये केलेल्या टिपणांची फाइल मात्र एक्सएमएल पद्धतीची असते, आणि तिचा शेवटचा बंद करणारा टॅग लिहिला गेला नाही तर ती उघडतच नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून (२०१८) बाह्य साधनांसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मूळचे म्हणून ठरविले गेले. त्यात मजकूर स्मृतीत साठवून ठेवण्याची पद्धत बंद असते आणि इजेक्ट न करता डिस्क काढण्यास मायक्रोसॉफ्टची मुभा आहे. मग हा खटाटोप कशासाठी? आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु ही मुभा लेखन चालू नसताना पुरती आहे, आणि लेखन चालू आहे की नाही हे पाहणाऱ्याला कळत नाही. सूची तयार करणारा कार्यक्रम, विषाणुरोधक किंवा पार्श्वभूमीवर प्रती घेणारी एखादी व्यवस्था डिस्कशी बोलत असू शकते. शिवाय तीच डिस्क दुपारी मॅकला आणि संध्याकाळी लिनक्सला जोडली जाते, तेथे ही मुभा लागू नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कबाबत एक यांत्रिक कारणही आहे. वीज अकस्मात तुटली की वाचनशीर्ष तबकडीच्या उरलेल्या गतीतून मिळणाऱ्या शक्तीवर घाईने मागे घेतले जाते; डिस्कची रचना हे सोसण्यासाठी केलेली असली तरी ती आणीबाणीची सोय आहे, नित्याची नव्हे.

‘डिस्क वापरात आहे’ असे सांगून प्रणाली कधी कधी इजेक्ट करण्यास नकार देते, आणि मग कंटाळून ती ओढली जाते. अपघात बहुधा याच क्षणी होतात. उघडी फाइल, उघडे फोल्डर आणि ती उघडणारे कार्यक्रम बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. तेवढ्याने भागले नाही तर विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये, ‘सिस्टीम’ या नोंदीत, ‘कर्नेल-पीएनपी’ या नावाखाली २२५ क्रमांकाची नोंद पाहावी. डिस्क कोणत्या कार्यक्रमाने अडवून धरली आहे त्याचे नाव तेथे मिळते. शेवटचा उपाय म्हणजे संगणक बंद करून डिस्क काढणे. मात्र विंडोज ८ पासून (२०१२) आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’ म्हटले तरी प्रणालीचा गाभा पूर्णपणे बंद होत नाही, तो निद्रिस्त अवस्थेत जतन केला जातो. शिफ्ट ही कळ दाबून धरून बंद केला, तर तो खरोखर बंद होतो.

आता अदृश्य फोल्डरांकडे वळता येईल. विंडोजमध्ये एखादी वस्तू अदृश्य असणे हा तिला लावलेला गुणधर्म असतो. युनिक्स आणि तिच्या वंशातील प्रणालींत मात्र नावाच्या आरंभी टिंब असले की पुरते. या दुसऱ्या संकेताची उत्पत्ती मनोरंजक आहे. रॉब पाइक यांनी २०१२ साली केलेल्या खुलाशानुसार, फोल्डरांची यादी देणाऱ्या कार्यक्रमाला ‘टिंब’ आणि ‘दोन टिंबे’ एवढ्या दोनच नोंदी वगळावयाच्या होत्या. लिहिणाऱ्याने सोपेपणासाठी केवळ पहिले अक्षर टिंब आहे की नाही एवढेच तपासले, आणि टिंबाने सुरू होणारे सर्वच अदृश्य झाले. चूक रूढ झाली की ती नियम होते, याचे भाषेच्या अभ्यासकाला नवल वाटण्याचे कारण नाही.

विभागातील एकच डिस्क अनेक यंत्रांतून फिरली की तिच्यावर या फोल्डरांची दाटी होते. ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हे विंडोजचे स्वतःचे दप्तर आहे. ते विषाणू नव्हे, आणि त्याला हात लावू नये. मॅकचे ‘.स्पॉटलाइट-व्ही१००’ हे शोधसूचीसाठी आणि ‘.डीएस_स्टोअर’ ही फाइल खिडकीतील मांडणीच्या स्मरणासाठी असते. ही पुसल्याने संशोधनसामग्रीची हानी होत नाही, परंतु मॅकला जोडताच ती पुन्हा निर्माण होतात, तेव्हा पुसण्याचा उद्योग बहुतांशी व्यर्थच. खरा घोटाळा करतात त्या टिंब आणि अधोरेषा यांनी सुरू होणाऱ्या जुळ्या फाइली. एक्सफॅटसारख्या डिस्कवर मॅक मूळ फाइलची जादा माहिती अशा वेगळ्या फाइलीत ठेवतो. नाव मुद्रणाचेच, आकार पुष्कळदा अवघा ४ केबी, आणि वाजविण्यास गेले तर वाजत नाही. विद्यार्थी समजतो की मुद्रण बिघडले. शब्दसंग्रहातील फाइली मोजणाऱ्या कार्यक्रमाने या जुळ्यांना वगळले नाही, तर नमुन्यांची संख्या दुप्पट भरते आणि प्रबंधातील आकडा चुकतो.

अदृश्य वस्तू पाहण्याची रीत सोपी आहे. विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘हिडन आयटम्स’. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि टिंब या कळा एकत्र. लिनक्समधील बहुतेक फाइल-व्यवस्थापकांत कंट्रोल आणि एच. विंडोजमध्ये संरक्षित प्रणाली-फाइली दाखविण्याची सोय निराळी आहे. ती काम झाल्यावर पुन्हा बंद करावी.

‘फाउंड.०००’ नावाचे अदृश्य फोल्डर आढळले तर मात्र थांबून विचार करावा. नोंदवही बिघडलेल्या डिस्कची दुरुस्ती करताना ज्या तुकड्यांचा धनी सापडला नाही ते विंडोज या फोल्डरात ‘सीएचके’ या प्रत्ययाच्या क्रमांकित फाइलींत टाकते. भाषक कोण, गाव कोणते, तारीख कोणती, हे सांगणारे नावच गेलेले असते. म्हणून ‘डिस्कमध्ये दोष आहे, तपासून दुरुस्त करावी’ अशी सूचना आली की होकार देण्यापूर्वी वाचता येईल तेवढी सर्व सामग्री दुसरीकडे उतरवून घ्यावी. दुरुस्ती नोंदींची सुसंगती साधते; मजकूर वाचविणे हे तिचे उद्दिष्ट नाही.

झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हवर सर्व फोल्डरांच्या जागी ‘शॉर्टकट’ दिसू लागतात, हा अनुभव कित्येकांचा आहे. येथे मूळ फोल्डर बहुधा पुसलेले नसतात. घातक कार्यक्रमाने त्यांना अदृश्यतेचा गुणधर्म लावून त्यांच्या नावाचे सापळे मांडलेले असतात. त्या चिन्हांवर क्लिक न करता, आधी विषाणुरोधकाने तपासणी करून, नंतर अदृश्य वस्तू दाखविण्याची सोय सुरू करावी. घाबरून फॉरमॅट करणाऱ्याने सामग्री स्वतःच्या हाताने घालविलेली असते.

शेवटी कचऱ्याच्या फोल्डरांचा प्रश्न राहतो, आणि तो केवळ तांत्रिक नाही. बाह्य डिस्कवर पुसलेली फाइल त्याच डिस्कवरील अदृश्य फोल्डरात जाते: विंडोजमध्ये ‘$रिसायकल.बिन’, मॅकमध्ये ‘.ट्रॅशेस’, लिनक्समध्ये ‘.ट्रॅश’ आणि वापरणाऱ्याचा क्रमांक. साध्या पेन ड्राइव्हवर विंडोज बहुधा ही पायरी ठेवत नाही. एखाद्या भाषकाने दिलेली संमती मागे घेतली, संशोधकाने त्याचे मुद्रण मॅकवर पुसले आणि तीच डिस्क सहकाऱ्याच्या हाती दिली, तर सहकाऱ्याच्या विंडोजमध्ये अदृश्य वस्तू दिसू लागताच ते मुद्रण ऐकता येते. ज्या प्रणालीवर फाइल पुसली त्याच प्रणालीवर, डिस्क जोडलेली असताना, कचरापेटी रिकामी करणे हा त्यावरील पहिला उपाय. त्यानेही नोंदच पुसली जाते. मजकूर नव्या लेखनाखाली झाकला जाईपर्यंत जागेवरच राहतो. ‘क्विक फॉरमॅट’चेही तेच आहे. विंडोज व्हिस्टापासूनचा (२००७) पूर्ण फॉरमॅट मात्र फिरत्या तबकडीच्या डिस्कवर सर्व जागेत शून्ये लिहितो. त्याला मोठ्या डिस्कवर कित्येक तास लागतात, आणि तो संपल्यानंतरही डिस्क काढावयाची ती इजेक्ट करूनच.