मुंबई-लंडन : घड्याळाचे पाच तास, विमानाचे साडेनऊ

लंडनला आंबा किंवा जरीकाम पाठवणारे आमचे बरेच व्यापारी बंधू वेळापत्रकातील आकडे पाहून हिशेब मांडतात आणि तेथेच फसगत होते. उन्हाळ्यात मुंबईहून रात्री २ वाजता सुटलेले विमान सकाळी ७ च्या सुमारास हीथ्रोला उतरते. म्हणजे पाच तास? नव्हे. त्या दिवसांत लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते (हिवाळ्यात साडेपाच). खरा प्रवास साडेनऊ तासांचा.

सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीला साधारण तासभर कमी लागतो. वाटेतल्या देशाने आकाश बंद केले की वळसा पडतो. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै तसे केले होते.

पण पेटीचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. रत्नागिरीहून ट्रकची एक रात्र, मग प्रतवारी, तपासणी, कस्टम आणि गोदामात ताटकळणे. माल दुबईमार्गे गेला तर तेथे पुन्हा दुसऱ्या विमानाची वाट. हापूस काही थांबत नाही, तो पिकतच राहतो. फळ किती तयार असताना उतरवायचे, हे तोडणीपासून लंडनच्या दुकानापर्यंतचे सगळे तास धरूनच ठरवावे लागते.

जरीकामाचे तसे नाही. दोन दिवस उशीर चालत असेल तर कारागीर बंधूंनी थेट विमानाचे जादा भाडे कशाला मोजावे? एजंटाला भाव विचारण्याआधी माल कोठे उतरणार आणि तेथे किती तास पडून राहणार, हे विचारून घ्यावे.