हे वाच, आवडलं तर पुढे दे

उज्जैनमध्ये मराठी पुस्तक दुकानात दिसतं त्यापेक्षा जास्त ‘येतं’. दिवाळीत पुण्याहून आलेल्या मावशीच्या बॅगेतून येतं, इंदूरला गेलेल्या कुणाला तरी फोन करून मागवलं जातं, हल्ली कुरियरने येतं. आलं की एका घरात थांबत नाही. एक प्रत चार-पाच घरं फिरते आणि पुढे ती कुणाकडे जाणार, हे कुणाच्या तरी तोंडच्या दोन वाक्यांवर ठरतं : “हे वाच. मस्त आहे.” हा लेख त्या दोन वाक्यांबद्दल आहे, तोही विज्ञानकथा आणि अद्भुतकथा, म्हणजे आपण जिला सरळ फँटसी म्हणतो ती, एवढ्यापुरताच.

याच दोन प्रकारांबद्दल का? कारण यांच्यात पहिलं पुस्तक चुकलं की वाचक गेलाच. कौटुंबिक कादंबरी आवडली नाही तर माणूस म्हणतो, “ही कादंबरी बोअर आहे.” विज्ञानकथा आवडली नाही तर म्हणतो, “हे सायन्स-फियन्स माझ्यासाठी नाही.” एका पुस्तकापायी अख्खा प्रकार नापास. त्यात आपण बहुतेक जण हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातले. मराठी घरात बोलतो, वाचतो कमी. ड्रॅगन, टाइम ट्रॅव्हल, परग्रहवासी इंग्रजीत हवे तेवढे मिळतात. मराठीत असलं काही नसतंच, हा समज एकदा पक्का झाला की मराठी पुस्तकं आजी-आजोबांच्या कपाटात राहतात, आणि पुढे त्या कपाटाचं काय होतं ते रद्दीवाल्याला विचारा.

मराठीत हे सगळं आहे. आणि ते वाचकांपर्यंत कसं पोचलं याची गोष्ट म्हणजे शिफारशींचीच गोष्ट आहे.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखक : नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की जगताप नावाचे कुणी गृहस्थ नाहीतच. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी फिरवली की ना. वि. ज. होतात. नारळीकर तोवर जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. परीक्षकांनी नाव बघून भुलू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं, आणि अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून, लिहून घेतली. म्हणजे आपल्या कथेला वशिल्याची शिफारस नको, वाचणाऱ्याची हवी, असा हट्ट.

ती शिफारस लवकरच मिळाली, आणि तीही अशा व्यक्तीकडून जिचा ब्लॅकहोलशी दुरूनही संबंध नव्हता. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या. ते संमेलन आणीबाणीमुळे आणि दुर्गाबाईंच्या निर्भय बोलण्यामुळे लक्षात राहिलं आहे. पण त्याच अध्यक्षीय भाषणात त्यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली होती. दुर्गाबाई लोककथांच्या अभ्यासक. मला वाटतं, म्हणूनच त्यांना ते दिसलं. जी बाई आयुष्यभर राक्षस, यक्ष, बोलणारी झाडं यांच्या गोष्टी गंभीरपणे वाचते, तिला अंतराळातली गोष्टसुद्धा गोष्ट म्हणूनच दिसणार. एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाने कौतुक केलं असतं तर लोकांनी ‘त्यांचं ते बघतील’ म्हणून सोडून दिलं असतं. कोण सुचवतंय याला असं वजन असतं.

आता आपल्या बाजूची गंमत. नारळीकर जन्मले कोल्हापुरात, पण वाढले बनारसला, कारण वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. म्हणजे बाहेर हिंदी आणि घरात मराठी, अगदी आपल्यासारखं. त्यांच्या आधीच्या पिढीत मराठी मुलांना ज्यूल व्हर्नची ओळख करून देणारे, ‘फास्टर फेणे’वाले भा. रा. भागवत जन्मले कुठे? इंदूरला, १९१० साली. उज्जैनहून बसने दोन तासांच्या आत. व्हर्नच्या धूमकेतूवरच्या कादंबरीला त्यांनी मराठीत नाव दिलं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. हे नाव एकदा मोठ्याने म्हणून बघा. पत्त्यासारखं वाटतं, जणू तिकडे कुणी मामा राहतो आणि सुट्टीत आपल्याला जायचंय. मूळ नावाचं शब्दशः भाषांतर केलं असतं तर हे झालं नसतं. पुस्तक सुचवायची कला त्या दोन शब्दांत आहे : लांबच्या गोष्टीला आपल्या घराचा पत्ता लावून द्यायचा.

तेव्हा महाराष्ट्राबाहेरचे मराठी वाचक म्हणजे रांगेतले शेवटचे, उरलंसुरलं मिळणारे, हा समज निदान या प्रकारापुरता तरी काढून टाकायला हवा.

उज्जैनला तर अद्भुतकथेत कुणापुढे मान खाली घालायचं कारणच नाही. मराठीत छापलेल्या अगदी सुरुवातीच्या गद्य पुस्तकांपैकी एक आहे ‘सिंहासन बत्तिशी’. १८१४ साली ते बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन प्रेसमध्ये छापलं गेलं. विल्यम कॅरी या बाप्टिस्ट मिशनऱ्याच्या कामासाठी वैजनाथ पंडितांनी ते मराठीत आणलं होतं. विक्रमादित्याच्या सिंहासनावरच्या बत्तीस पुतळ्या राजाला बोलून दाखवतात, आणि ते छापतात मिशनरी! कुणी विचारलं की ख्रिस्ती कॉलेजच्या मराठी मंडळात असल्या गोष्टी कशाला, तर हे उत्तर तयार ठेवा.

विक्रम-वेताळाबद्दल मात्र एक कबुली द्यावी लागेल, आणि ती उज्जैनकरांना फारशी आवडणार नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ लिहिला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. पण तिथला राजा उज्जयिनीचा नाही. त्याचं नाव त्रिविक्रमसेन आणि राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. गोष्टी हातोहात फिरतात तेव्हा गावं बदलतात, ती अशी.

त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला पुस्तक पुढे देण्याबद्दलची मला माहीत असलेली सगळ्यात भारी गोष्ट आहे. शंकर पार्वतीला कधी कुणी ऐकली नाही अशी कथा सांगतो. पुष्पदंत नावाचा गण ती चोरून ऐकतो आणि लगेच बायकोला सांगतो. बायको ती पार्वतीलाच ऐकवते. पार्वती चिडते, पुष्पदंताला शाप मिळतो, आणि त्याची बाजू घ्यायला गेलेल्या माल्यवानालाही. हा माल्यवान पृथ्वीवर गुणाढ्य म्हणून जन्मतो, तीच कथा पैशाची भाषेत सात लाख श्लोकांत स्वतःच्या रक्ताने लिहितो आणि शिष्यांच्या हाती सातवाहन राजाकडे पाठवतो. राजा नाक मुरडतो : भाषा ही असली, आणि लिहिलंय रक्ताने! मग गुणाढ्य जंगलात आग पेटवून बसतो. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि जाळतो. प्राणी चरणं सोडून रडत ऐकत राहतात. इकडे राजाच्या ताटात वाळकं मांस येऊ लागतं, राजा आजारी पडतो, चौकशी होते आणि खरा प्रकार कळतो. राजा धावत येतो तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात. उरलेल्या एक लाखाची ती बृहत्कथा.

चुकीच्या वाचकाकडे गेलेल्या पुस्तकाचं काय होतं, ते यात आहेच. मला त्यातला भाषेचा मुद्दा जास्त लागतो. राजाने कथा वाचलीच नाही, भाषा बघून परत केली. आज आपल्या वर्गात कुणी “मराठी? नको यार, इंग्लिशमध्ये नाहीये का?” म्हणतं तेव्हा मला तो राजा आठवतो.

उलट दिशेचं उदाहरणही इथलंच आहे. गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, शिक्षणाची आणि पुढे शिक्षकीची काही वर्षं उज्जैनमध्ये, लेखन हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. हिंदी साहित्यात ‘फँटसी’ हा शब्द गंभीर चर्चेत आणणाऱ्यांत मुक्तिबोधांचं नाव आधी घेतलं जातं, आणि त्यांचा ‘ब्रह्मराक्षस’ तुमच्यापैकी हिंदीवाल्यांनी अभ्यासक्रमात वाचलाच असेल. एकाच घरातून दोन भाषांत पुस्तकं गेली. तेव्हा हिंदी वाचणाऱ्या मित्राला मराठी पुस्तक देताना फार बिचकायचं कारण नाही, लिपी तर एकच आहे.

आता प्रत्यक्ष द्यायचं कसं. याचे नियम नाहीत, पण मंडळात वर्षभर पुस्तकं इकडून तिकडे फिरवताना काही गोष्टी लक्षात आल्या.

आधी विचारा की शेवटचं काय आवडलं होतं. पुस्तकच असायला हवं असं नाही, सिनेमा, वेब सिरीज, गेम, काहीही चालेल. ‘तुंबाड’ आवडला म्हणणाऱ्याला नारायण धारप द्या. या २०१८च्या हिंदी सिनेमाची मुळं त्यांच्या कथेत आहेत. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती वाचलीसुद्धा नव्हती, १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने तोंडी सांगितली होती. आणि धारपांच्या ‘आजी’ या कथेमागे स्टीफन किंगची एक कथा आहे. किंगकडून धारप, धारपांकडून मित्र, मित्राकडून सिनेमा आणि सिनेमाकडून आपण! धारपांची पुस्तकं साकेत प्रकाशनाने पुन्हा काढली आहेत, त्यामुळे मिळायला अवघड नाहीत. भयकथांच्या जोडीला त्यांनी विज्ञानकादंबऱ्याही लिहिल्यात, त्या मात्र लगेच देऊ नका. आधी माणूस नीट घाबरू दे.

क्रिकेटवेड्याला नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ द्या. त्यात क्रिकेट आहे, गणपतीची मूर्ती आहे, आणि पुढचं मी सांगणार नाही. खरी अडचण इथेच येते. या कथांमध्ये एक युक्ती असते, आणि ती सांगितल्याशिवाय कथा भारी का आहे हे सांगता येत नाही. मग काय सांगायचं? सुरुवातीचा ‘जर’ सांगायचा. अमुक झालं तर? एवढंच. ‘तर’ पुस्तकावर सोडायचं. ‘वामन परत न आला’बद्दल मी एवढंच म्हणते : जमिनीखाली एका जुन्या, आपल्यापेक्षा पुढारलेल्या संस्कृतीने मागे ठेवलेलं काहीतरी सापडतं, उघडायचं का?

ज्याला मराठी वाचायची सवयच नाही त्याला कादंबरी देऊ नका, कथा द्या. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, कुणाचीही एक. वीस मिनिटांत संपली पाहिजे. आणि हॅरी पॉटर इंग्रजीत तोंडपाठ असलेल्यांसाठी एक सोपी युक्ती : भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने काढलेलं ‘हॅरी पॉटर आणि परीस’. गोष्ट माहीत असते, त्यामुळे मराठीत अडखळलं तरी हरवायला होत नाही. टॉल्किनची रिंग्ज मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून मराठीत आणली आहे. पण तिचा आकार बघता ती पक्क्या वाचकासाठीच राखून ठेवा.

टॉल्किनचं नाव निघालंच आहे तर जादूटोण्याच्या पुस्तकांबद्दल घरचे जे बोलतात त्यावर एक ओळ. आमच्याकडे काही पालकांना हे प्रकरण धर्माच्या विरुद्ध वाटतं. टॉल्किन नेमाने मिस्साला जाणारा कॅथलिक होता आणि सी. एस. लुइसला ख्रिस्ती श्रद्धेकडे वळवण्यात त्याच्या गप्पांचा मोठा वाटा होता, हे सांगितलं की वाद निम्म्यावर येतो. उरलेला निम्मा पुस्तक वाचून झाल्यावर करावा. आणि हवं तर हेही सांगा की साहित्य संमेलनाच्या ९३व्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते आणि लगेच पुढच्या, नाशिकच्या ९४व्या संमेलनाला नारळीकर. मराठीला यात काही अडचण वाटलेली नाही.

‘द हॉबिट’ १९३७ साली छापलं गेलं तेसुद्धा एका शिफारशीवर. प्रकाशक स्टॅनली अन्विनने हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. त्याने एका शिलिंगाच्या मोबदल्यात अहवाल लिहिला की पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल. (स्वतः दहाचा असल्याने वरची मर्यादा नऊ.) छापून आल्यावर लुइसने निनावी परीक्षण लिहून भरपूर कौतुक केलं. परीक्षणं तेव्हा निनावीच छापत, पण हा मित्राचा लेख आहे हे वाचकाला कसं कळणार? नारळीकरांनी नाव लपवलं ते ओळखीचा फायदा मिळू नये म्हणून. इथे नाव नसल्यामुळे ओळख लपली. दोन्ही पुस्तकं चांगली निघाली ही गोष्ट वेगळी. आपण मात्र सांगून टाकावं : लेखक ओळखीचा आहे, किंवा मी अर्धंच वाचलंय. अर्धं वाचलेल्या पुस्तकाची प्रामाणिक शिफारस मला पूर्ण वाचलेल्याच्या खोट्या कौतुकापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

राहता राहिला परतीचा प्रश्न. ज्यांना पुस्तकं जमवण्याचं आणि फिरवण्याचं वेड काय असतं ते बघायचंय त्यांनी निरंजन घाट्यांचं ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ वाचावं. विज्ञानलेखक फूटपाथवर आणि रद्दीच्या दुकानांत काय काय शोधत फिरतो ते त्यात आहे. आपल्याकडे तेवढं रद्दीतलं मराठी मिळत नाही, त्यामुळे असलेल्या प्रती जपायच्या. पीडीएफ पाठवू नका. एक तर ती चोरी, आणि दुसरं म्हणजे फोनमधली पीडीएफ कुणी वाचत नाही, फक्त पुढे ढकलतं. दिलेल्या पुस्तकाला तारीख ठरवा, त्या तारखेला पुस्तक नव्हे, मत मागा. “कुठवर आलास?” एवढं विचारलं तरी पुरतं. तीन आठवड्यांत पन्नासाव्या पानाच्या पुढे गेला नसेल तर शांतपणे परत घ्या आणि दुसरं द्या, टोमणा मारू नका.

माझ्याकडे सध्या ‘यक्षांची देणगी’ आणि धारपांची दोन पुस्तकं रिकामी आहेत. मंडळाच्या वहीत शेवटच्या पानावर नाव लिहून न्या, आणि नावापुढे शेवटचं काय आवडलं होतं तेही लिहा.